इंजिन गप्प होतं ते वळण

ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्यावर 'डी'च्या बाजूला 'एस' असतो. शहरातल्या पोरांना वाटतं, एस म्हणजे गाडी उधळायची. आमच्याकडे उलट आहे. आम्ही तिहामाचे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीतले लोक, घाटाच्या पायथ्याला राहतो, आणि आमच्यासाठी एस म्हणजे गाडी आवरायची. एसवर गिअर खालचाच धरून ठेवला जातो, इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढतं आणि ब्रेकला विसावा मिळतो. डीवर उतरलं तर गाडीला वाटतं सपाटी आली. ती गिअर वर टाकते, इंजिन मोकळं सोडते, आणि मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक बिचारे किती सोसणार?

हे मला माझ्या थोरल्या भावाने, मुफर्रेहने शिकवलं. गावातल्या निम्म्या पोरांना त्यानेच शिकवलं होतं. आणि तोच घाटात गेला. गाडी कठड्याला घासत पुढे दरडीवर आदळली. ब्रेक जळून कोळसा झाले होते आणि दांडा होता डीवर. गावात कुणाचा विश्वास बसेना. मागच्या सीटवर यम्मा, आमची आई, होती. तिला खरचटलंदेखील नाही. तिला एवढंच आठवत होतं, की गाढ झोप लागली होती.

यम्माचं मूत्रपिंड निकामी झालेलं. एक दिवसाआड डायलिसिस, आणि ते घाटावर, अबहा शहरात. मुफर्रेह गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. सकाळी चढायचं, दुपारी उतरायचं. दुपारी घाटात धुकं भरतं. कठड्यावर माकडं बसलेली असतात, त्यांचीसुद्धा नुसती डोकी दिसतात.

त्या दिवशीही असंच. यम्मा मागे आडवी झाली होती. पट्टा ती कधीच लावायची नाही, त्यामुळे गाडीची घंटी टिंग टिंग वाजत राहायची.

"यम्मा, पट्टा लाव ना."

"सुया टोचून हात ठणकतोय माझा, आणि याला पट्ट्याचं पडलंय! वाजू दे तिला."

पहिल्या वळणाआधी मी एस टाकला. समोर गिअरचा, दोनचा आकडा उमटला, इंजिन घुमू लागलं. निम्मा घाट उतरलो. मग एक वळण आलं, तिथे कठड्यावर एकही माकड नव्हतं. धुक्यात ओल्या सब्जाचा वास आला. मुफर्रेह कानामागे सब्जाची काडी खोवायचा.

आणि इंजिन गप्प झालं.

आकडा दोनाचा तीन, तिनाचा पाच झाला. दांडा एसवरच होता. गाडी अलगद, मोकळी सुटली. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. दांडा ओढला, ढकलला, काही उपयोग नाही. पायथ्याशी थांबलो तेव्हा चाकांतून धूर निघत होता. मागे यम्मा लहान मुलासारखी झोपली होती.

गाडी कायदकडे नेली. तो तैझचा यमनी, गिअरबॉक्सातला उस्ताद. त्याने सगळं तपासलं, घाटात फिरवून आणली.

"इंजिन फार चढलं, म्हणजे फार वेगात फिरू लागलं, तर एसवरही गिअर आपणहून वर जातो, इंजिन वाचवायला," तो म्हणाला.

"चढलं नव्हतं."

"मग गाडी ठणठणीत आहे. तूच जरा झोप घेत जा, हादी. तोंड बघ, उतरलेल्या टायरासारखं झालंय."

मग मी चुलतभावाकडे त्याची गाडी मागितली आणि ती नेली. तेच वळण, तीच शांतता. यम्मा मागे नसली की मात्र काही व्हायचं नाही.

एकदा त्या वळणाआधीच मी गाडी कडेला घेतली.

"यम्मा… मुफर्रेह गेला त्या दिवशी काय झालं होतं?"

ती मागे उठून बसली.

"डोकं फुटत होतं रे माझं," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, बाळा, हा इंजिनाचा आवाज तेवढा बंद कर… जरा डोळा लागू दे. त्याने केला."

घंटी वाजत होती.

"तो अजून माझं ऐकतोय, हादी…"

"मग सांग ना त्याला, नको म्हणून!"

"दर खेपेला सांगते. मेलेलं माणूस शेवटचं ऐकलेलं धरून बसतं. पुढचं त्याच्या कानावर जात नाही."

त्या दिवशीही ब्रेक कसेबसे पुरले. पुढच्या खेपेला मी गाडी काढली, तर यम्माने घराच्या दाराला आतून कडी घातली.

"एक दिला त्या घाटाला. दुसरा नाही द्यायची," ती आतून म्हणाली.

मी हातापाया पडलो. वर खोली घेतो म्हटलं, तर म्हणाली, मला माझ्या घरात मरू दे. पाय सुजले, तोंड सुजलं, श्वास घरघरू लागला. शेवटी तिची शुद्ध हरपली, तेव्हा मी तिला खांद्याला धरून हलवत होतो. "ऊठ यम्मा, चल. गाडीत बस. गाडीत बस ना गं!" आणि तेवढ्यातच ती गेली.

मी तिला वाचवू शकलो नाही. पण ती मला वाचवून गेली, असं मनाला समजावत राहिलो.

माझी नोकरी वर आहे, घर खाली. दुसरा रस्ता नाही. यम्माला पुरल्यानंतर पहिल्यांदा उतरलो तेव्हा शेजारी बायको होती, सालेहा. मागे कुणी नाही. धुकं नेहमीचंच. एस टाकला, दोनचा आकडा आला, इंजिन घुमू लागलं. मी जरा सैलावलो.

टिंग… टिंग… टिंग…

"अहो, पट्टा तर मी लावलाय," सालेहा म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं. "मागे पिशवी पण नाही. कशाची वाजतेय ही?"

मी आरशात पाहिलं नाही. मी यम्माला शेवटचं काय म्हणालो होतो, ते मला आठवलं.

कठड्यावरची माकडं संपली. सब्जाचा वास आला. दोनाचे तीन, तिनाचे पाच. इंजिन एवढं शांत झालं, की ओल्या रस्त्यावर चाकांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"बरं वाटलं हो," सालेहाने सीटवर डोकं टेकलं. "किती मेला तो इंजिनाचा आवाज… जरा डोळा लागतोय माझा."

झोपू नकोस, असं तिला ओरडून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि मिटलं. हेच तिने शेवटचं ऐकलं तर?

पायाखाली ब्रेक मऊ लागायला लागला होता. मागे घंटी वाजतच होती.