झाकणाखालचे पॉइंट

बाटलीचं झाकण फिरवलं, पण 'टक्' असा आवाज आला नाही. अन्न निरीक्षक बाईंनी दुसरी बाटली उघडली. तीही गप्प. आत तान्ह्या बाळांसाठीचा सफरचंदाचा गर आणि त्यावर हिरवट बुरशी.

"कारखान्यातून आलेली बाटली पहिल्यांदा उघडताना वाजते," त्या म्हणाल्या. "या आधीच कुणीतरी उघडल्यात."

याच दुकानातला गर खाऊन मॅनेजरची आठ महिन्यांची भाची इस्पितळात होती. मॅनेजरने चोरही धरून ठेवला होता. दुकानात माल मांडणारे काका, त्याच्या केबिनच्या भिंतीशी उभे केलेले. पोलीस तेवढे यायचे होते.

"काका, तुम्ही पॉइंट गोळा करता?" झाकणावरची 'पॉइंट मिळवा' ही जाहिरात वाचून बाईंनी विचारलं.

"कसले पॉइंट, बाई?"

"बघा किती साळसूद," मॅनेजर मध्येच म्हणाला. "झाकणाच्या आत नंबर असतो, मॅडम. तो कंपनीच्या ॲपवर टाकला की पॉइंट, पॉइंटांवर बक्षीस. बाटल्यांना दिवसभर हात यांचाच लागतो."

बाईंनी बाटल्या उजेडात धरल्या. लेबलं सुरकुतलेली होती, कडा सुटलेल्या. बोटांना डिंक लागला, किळस आली. त्यांनी केबिनमधल्या बेसिनचा नळ सोडला. पाणी चांगलंच कढत आलं.

"बाहेरच्या नळालाही गरम येतं?"

"कुठलं हो! बाहेर गारच," काका म्हणाले.

तेवढ्यात मॅनेजरची बहीण आली. रडून रडून डोळे सुजलेले. बाळाला सलाईन लावलं होतं, डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

"बाटली तुम्ही घेतलीत?"

"मी इथून घेतच नाही. दादानेच बजावलं होतं, बाळाचं खाणं दुसरीकडून आण म्हणून. फार जीव आहे त्याचा तिच्यावर. पण परवा इथे दुप्पट पॉइंट होते, म्हणून सासूबाई इथूनच घेऊन आल्या."

मॅनेजरने मान खाली घातली.

"गरम पाण्यात बुडवलं की झाकण सैल होतं," बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "पण लेबल सुरकुततं. गरम पाणी फक्त तुमच्या केबिनमध्ये आहे. आपल्या दुकानातला गर आपल्या भाचीला नको, हे झाकणं उघडणाऱ्यालाच सुचणार. नंबर घेतलेत, झाकणं फिरवून बसवलीत आणि बाटल्या पुन्हा फळीवर ठेवल्यात. लोकांच्या पोरांसाठी. मोबाइल दाखवा."

ॲपवर बक्षीस मागवलेलं दिसत होतं. एअर फ्रायर. तळणीच्या एका यंत्रासाठी या माणसाने लाज कोळून प्यायली होती, आणि वर काकांना तुरुंगात धाडायला निघाला होता.

"अगं, कुणाला काही होईल असं वाटलंच नव्हतं," तो पुटपुटला.

"वाटलं नव्हतं," बहीण हळूच म्हणाली, "तर मला कशाला बजावलंस?"

बाईंनी काकांना खुर्ची दिली आणि पोलिसांसाठी दार उघडलं.