गर्दीत शिरताना

समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातले होते. त्यामुळे दीक्षाने यशदीपला आधी ऐकलं... पाहिलं नंतर.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तो इंजिनिअर होता. डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता.

"तुमच्या डोळ्यात काय गेलं?" शेजारच्या खुर्चीतून त्याने विचारलं.

"आकाशगंगा," मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली. पीएचडीसाठी ती दिवसभर पडद्यावर त्याच पाहत बसायची.

डोळे उघडले तेव्हा समोर एक धूसर हसू होतं. घरी गेल्यावरही ते डोळ्यांसमोर नीट येईना, म्हणून ती बेचैन झाली.

मग चहा झाले, पंडरीच्या बाजारात उगाच फेऱ्या झाल्या. तिने त्याला सांगितलं, की आकाशगंगांच्या मोठ्या घोळक्यात एखादी बाहेरून शिरली, की तिथला तापलेला वायू तिचा थंड वायू ओरबाडून नेतो. मग तिच्यात नवे तारे जन्मणं मंदावतं. तो आकाशाकडे नाही, तिच्याकडे पाहायचा — आणि ती वाक्य विसरायची.

एका रविवारी त्याने तिला घरी नेलं. आई, काका-काकू, दोन वहिन्या... सगळ्यांनी मायेनेच विचारलं, लग्न कधी, नोकरी करशील का, पाहुणे झेपतील का. तरी तिला बसवेना. पाणी पिण्याच्या निमित्ताने ती अंगणात आली. मागोमाग तो.

"काहून पळून राहिली?"

"बंगळुरूला संशोधनाची दोन वर्षांची जागा मिळाली मले. आता या घरात आली तर... माह्यातलं काही विझून जाईल, अशी भीती वाटते."

"सगळ्याच आकाशगंगा विझतात?"

"नाही. काही तर शिरता शिरता जास्तच उजळतात. पण कोणती, ते आधी सांगता येत नाही."

तो एक पाऊल जवळ आला.

"मी आवडतो का तुले?"

"आवडतोस... म्हणून तर भीती."

तो सरळ आत गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की दीक्षा बंगळुरूला जाणार, लग्नाचं ती परतल्यावर, तिच्या मनानं.

काकूने दोन्ही वहिन्यांकडे पाहिलं. मागोमाग उंबऱ्यापर्यंत आलेल्या दीक्षाला ओढणीचं टोक सापडेना.

मग आई म्हणाली, "तिकडं थंडी असते का गं, पोरी?"

दीक्षा आत येऊन त्यांच्याजवळ बसली.