हितसंबंध

“कानातलं पडलं का?”

प्रश्न पाठीमागून आला. मी तेव्हा परळच्या एका गल्लीत, नव्या टॉवरच्या फाटकासमोर, भर दुपारी उकिडवी बसून फरशीच्या फटींना नाक लावत होते. ओढणीची कमरेला गाठ, मांडीवर नकाशा, आणि समोरच्या चाळीच्या गॅलरीत निम्मी चाळ माझ्याकडे बघत उभी.

“नाही,” मी मान न वळवताच म्हटलं. “व्हॉल्व्ह.”

“काय?”

“व्हॉल्व्ह हरवलाय. गॅसच्या लाइनचा. नकाशात आहे, इथे नाही.”

मग कुणीतरी माझ्या शेजारी येऊन तसंच उकिडवं बसलं. निळा शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, आणि हसू दाबून ठेवलेले ओठ.

“मग तो माझाच असणार,” तो म्हणाला. “मी उत्तम नाखवा. गॅस कंपनीचा इथला इंजिनिअर. सरकारकडून कुणी परब मॅडम तपासणीला यायच्यात, त्यांना घ्यायला नाक्यावर कधीचा उभा आहे. येतच नाहीत. जाम खडूस आहेत असं ऑफिसात—” त्याची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. “...असं ऑफिसात कुणीही म्हणालेलं नाही.”

मी ओठ घट्ट मिटले. हसायचं नव्हतं. सरकारी तपासणीत हसायचं नसतं.

“गॅस मोजायचं मीटर आहे तुमच्याकडे. मग नाकाने कशाला शोधताय?” त्याने विचारलं.

“मीटर आकडा सांगतं. मला वासही बघायचा असतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो तुम्ही मिसळता. पुरेसा मिसळता की नाही, ते कसं कळणार?”

“मग येतोय का वास?”

“तुम्हीच सांगा.”

तो फरशीकडे वाकला. डोळे मिटून त्याने श्वास घेतला. “आमची आई शिवडीला मासळी विकते. बोंबील आजचा की कालचा, ते आम्ही डोळे मिटून सांगतो. तेव्हा माझ्या नाकावर भरवसा ठेवा... सोनचाफा आहे. तुमच्या केसांतला. गॅस नाही.”

मी इतक्या झटक्यात उठले की नकाशा गटारात जाता जाता वाचला. वरून, गॅलरीतून, एक म्हातारी ओरडली, “अगो बाय, काय शोधतंस तां? ह्यो लाद्यो टॉवरवाल्यांनी गेल्या वर्षी घातल्यो. त्येच्या आदी हय एक झाकान होता!”

ही कालिंदीकाकू. माझा व्हॉल्व्ह तिने एका वाक्यात शोधून दिला. चकचकीत ग्रॅनाइटखाली तो गाडला गेला होता.

माझं काम तसं सोपं सांगता येतं. गॅसच्या पाइपलाइन टाकणाऱ्या कंपन्या सुरक्षेचे नियम पाळतात की नाही ते बघायचं, आणि पाळत नसतील तर पाळायला लावायचं. मी वाढले काळाचौकीला. संपानंतर बाबा गिरणीत परत गेलेच नाहीत. कॉटन ग्रीनला एका गोदामावर राखणीला लागले. ज्या गिरण्यांची नावं घरात रोज निघायची, त्यांच्याच जमिनींवर आता टॉवर चढत होते, आणि टॉवरच्या सोबतीने आमच्या चाळींतही पाइपचा गॅस आला होता. म्हणून परळ-लालबागचं काम मी मागून घेतलं होतं. जमिनीखालून काय काय गेलंय, याचं मला फार कुतूहल. आणि त्या दुपारनंतर... जमिनीवरच्या एका माणसाचंही.

कंपनीचे विभागप्रमुख होते शामराव. गोड बोलणारे. “मॅडम, व्हॉल्व्ह आहे ना जागेवर! फक्त वरती जरा सुशोभीकरण झालंय.”

“गळती झाली तर सुशोभीकरण फोडून बंद करणार?”

“होईलच कशाला गळती?”

मी नोटीस काढली. व्हॉल्व्ह उघडा करा, झाकण बसवा, खूण लावा. आणि या भागातल्या बाकीच्या लाइन आमच्यासमोर तपासा. टॉवरवाले म्हणाले, दिवाळीपर्यंत फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येतात, तोवर ग्रॅनाइटला हात लावायचा नाही. कंपनीने लगेच मुदतवाढ मागितली. माझ्या वरिष्ठ शैलामॅडमनी ती नाकारली, तर कंपनी अपिलात गेली. कागद इकडून तिकडे फिरत राहिले आणि व्हॉल्व्ह दगडाखालीच राहिला.

आम्ही दोघं मात्र रोज चालत होतो. ऑक्टोबरचं ऊन, हातात मीटर, एकेक गल्ली. तो चहा विचारायचा, मी नको म्हणायचे.

“चहानेसुद्धा तुम्ही फितूर व्हाल?” एकदा त्याने विचारलं.

“नियम आहे.”

“मग मी इथे पितो, तुम्ही समोरच्या टपरीवर प्या. मधे रस्ता असू दे.”

आणि खरंच, भारतमाता थिएटरच्या अलीकडे आम्ही तसा चहा प्यायलो. रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून. मधून बस जायची आणि तो दिसेनासा व्हायचा. बस गेली की तो तिथेच, पेला वर करून... मी पटकन दुसरीकडे बघायचे. पण किती वेळ बघणार?

एका संध्याकाळी त्या गल्लीत आले, तर ग्रॅनाइटवर पिवळ्या रंगाची ठसठशीत फुली.

“ही कुणी काढली?”

“मी. बरोबर खाली व्हॉल्व्ह आहे. जुन्या मापांवरून काढलं.” उत्तमच्या बोटांना अजून रंग होता. “टॉवरचा वॉचमन सकाळी पुसतो. मी संध्याकाळी काढतो. आता आमची ओळख झालीय.”

“कंपनीने सांगितलं काढायला?”

त्याने बोटं पँटला पुसली. मी हळू आवाजात विचारलं, “उत्तम, लाद्या बसवत होते तेव्हा कंपनीला माहीत होतं का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच न हसता. “हे तुम्ही विचारताय, की सरकार?”

“...आत्ता तरी मी.”

“मग नको. चौकशीत विचारलं तर खरं तेच सांगेन, शपथेवर. पण इथे, कोपऱ्यात, तुमच्या कानात सांगितलं तर ती चुगली होईल. आणि—” तो थांबला. “तुमच्या कानात सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीतरी आहे. ते ह्याच्यात मिसळायचं नाही मला.”

माझा चेहरा तापला. मी विचारलं नाही काय ते. विचारायला हवं होतं, खरं तर जीव नुसता तळमळत होता. पण गळ्यात ते ओळखपत्र होतं ना!

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात टॉवरवाल्यांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गटाराचं काम काढलं. कंपनीला न कळवता. आम्ही शेजारच्या गल्लीत होतो. आधी जेसीबीची घरघर थांबली, मग एक आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी अडकून राहावी तसा... न संपणारा. आणि पाठोपाठ तो कुजका, नाक जाळणारा वास.

उत्तम धावत सुटला. त्याच्यामागे मी.

खड्ड्यातून माती उडत होती. “जेसीबी बंद कर आणि उतर! पळ!” तो ड्रायव्हरवर ओरडला. मी चाळीकडे वळले. “विजेचं बटण कुणी दाबू नका, चालूही नको, बंदही नको! मोबाइल नको! सगळे मागच्या जिन्याने बाहेर!” कालिंदीकाकू दारात उभी, आत स्टोव्हवर चकल्यांचं तेल. मी ओरडले. “काकू, स्टोव्ह?”

“वास इल्याबरोबर इजवलंय गो! माका काय येडी समाजलंस?”

नशिबाने वारा खाडीकडून होता. फुली खड्ड्यापासून बरीच लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तिथे मीटर शून्य दाखवत होतं. उत्तमने रस्त्याकडेची पहार उचलली, आणि मग थबकला. लोखंड दगडावर आपटलं तर ठिणगी उडणार.

“पाणी!” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

बायकांनी पिंपातलं पाणी कळश्यांनी आणलं. मी फुलीवर धार धरली, तो पहार घालत राहिला. मीटर दुसऱ्या हातात. आकडा वाढला असता तर मला त्याला तिथून ओढून काढावं लागलं असतं. तो निघाला असता की नाही, देव जाणे. ग्रॅनाइट तडकलं. खाली वाळू, आणि वाळूखाली ते गंजलेलं झाकण. तपासणीसाठी बरोबर बाळगलेली व्हॉल्व्हची लांब चावी त्याने आत घातली. ती फिरेना. मी मीटर खाली ठेवलं, त्याच्या हातांवर हात ठेवले आणि सगळं अंग टाकून आम्ही ती फिरवली...

शिट्टी बारीक होत गेली. मग थांबली.

पाणी वाहत होतं, आमच्या चपला भिजल्या होत्या. माझे हात अजून त्याच्या हातांवर होते.

“मॅडम,” तो पुटपुटला, “आता सोडलेत तरी चालेल.”

मी सोडले. फार हळू.

दुसऱ्या दिवशी शैलामॅडमनी मला बोलावलं. चौकशी बसली होती. “तूच कर, मृणालिनी. सगळं तुला माहीत आहे. मुख्य साक्षीदार तो नाखवा. कंपनीला आधीपासून माहीत होतं का, एवढंच त्याच्याकडून काढून घ्यायचं.”

मी खुर्चीच्या कडेवर बसले. ह्याच कामासाठी मी नोकरीत आले होते. माझ्याच वस्तीतलं प्रकरण, आणि त्यात कंपनी सापडलेली. पण उद्या कंपनीचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, की बाईंनी आपल्या माणसाकडून हवं ते वदवून घेतलं... तर सगळं वाया. कालिंदीकाकूच्या दारातला व्हॉल्व्ह पुन्हा कागदांखाली गाडला जाणार.

“मॅडम, मला ह्या प्रकरणातून काढा.”

“का गं?”

“हितसंबंधाचा प्रश्न आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “टॉवरमध्ये फ्लॅट घेतलास की काय?”

“नाही... तो साक्षीदार...” मी त्यांच्या पेनाकडे बघत म्हटलं. “मला आवडतो.”

शैलामॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या हसत होत्या, हे खांद्यांवरून कळलं. वळल्या तेव्हा चेहरा पुन्हा अधिकाऱ्याचा होता. “कंपनीचं मुंबईतलं सगळं कामच जाईल तुझ्याकडून. रायगडकडे पाठवावं लागेल. रोजचं जाणं-येणं. चालेल?”

“चालेल.”

“त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“शाबास,” त्या म्हणाल्या. “आधी सरकारला सांगितलंस.”

त्यानंतर मी त्याला भेटले नाही, फोनही केला नाही. निकाल लागेपर्यंत करायचाच नव्हता. दिवाळी गेली, थंडी पडली. पेणकडच्या मोकळ्या रानातून जाणारी मोठी लाइन मी तपासत होते आणि मनात एकच प्रश्न. खरं सांगितलं असेल ना त्याने? नोकरीवर बेतलं तरी?

निकाल लागला. कंपनीला जबर दंड झाला; गाडलेला प्रत्येक व्हॉल्व्ह शोधून उघडा करायचा हुकूम निघाला; शामराव घरी बसले. आणि इंजिनिअर उत्तम नाखवा यांची वडाळ्याच्या गोदामावर बदली झाल्याचं आमच्या ऑफिसात कुणीतरी सहज बोलून गेलं.

मी त्याच शनिवारी वडाळ्याला गेले. ओळखपत्र घरी ठेवून.

गोदामाच्या आवारात पिवळ्या पाइपांची मोठमोठी वेटोळी रचलेली. त्यांच्यामधे तो उभा होता. मला बघून त्याच्या हातातली मोजपट्टी सटकन मिटली.

“मॅडम? तपासणी?”

“नाही. खाजगी.”

तो जवळ आला. वाळला होता जरा. “साक्षीला बसलो, तर समोर दुसरेच साहेब. मी विचारलं, परब मॅडम का नाहीत? म्हणाले, त्यांच्या हितसंबंधाचा प्रश्न आहे. मी घाबरलो. म्हटलं, साहेब, त्या बाईंचे टॉवरवाल्यांशी संबंध? शक्यच नाही! तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, टॉवरवाल्यांशी नाही हो... साक्षीदाराशी.”

मी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

“मी मागे वळून बघितलं,” उत्तम म्हणाला, “मागे कुणी साक्षीदार बसलाय का ते. कुणीच नव्हतं.”

“आणि मग?” मी बोटांच्या फटीतून विचारलं.

“मग खरं ते सगळं सांगितलं. सांगणारच होतो. पण त्या दिवशी जरा मोठ्याने सांगितलं.”

“मग आला का नाहीस इतके दिवस?” ‘तुम्ही’चा ‘तू’ कधी झाला, मला कळलंच नाही.

“निकालाआधी येऊन चाललं नसतं. आणि नंतर...” त्याने वेटोळ्यांकडे हात केला. “गोदामातला माणूस मी. तुझं मुंबईचं काम माझ्यापायी गेलं. कुठल्या तोंडाने येणार?”

“तुझ्यापायी नाही गेलं. मी दिलं.” मी हात खाली घेतले. “उत्तम, मला तू आवडतोस. ऑफिसला आधी कळवलं, तुला आत्ता सांगतेय. तुझं काय?”

“मी फक्त आईला सांगितलंय,” तो म्हणाला. मग हळूच पुढे झाला, माझ्या कानाशी वाकला, आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

संध्याकाळी आम्ही शिवडीला चालतच गेलो. वाटेत ट्रकांची रांग ओलांडताना त्याने माझा हात धरला, आणि पलीकडे पोचल्यावरही सोडायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. मीही आठवण केली नाही.

दारात त्याची आई पाटावर बसून सुरमई साफ करत होती. तिने मान वर करून मला आधी पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग आमच्या हातांकडे.

“हीच का ती नोटीसवाली?”

“हीच,” उत्तम म्हणाला.

तिने बाजूला सरकून दुसरा पाट पुढे ओढला. “बस बाय. रातच्याला जेवूनच जायाचं.”