फुटलेल्या बारा ट्यूब

लिफ्टचं दार मिटता मिटता मध्ये एक बूट आला आणि पाठोपाठ आवाज... "हलू नका."

मी हलणार तरी कशी होते? माझ्या कवेत दिव्यांच्या दहा जुन्या ट्यूब होत्या, चिकटपट्टीने गच्च बांधलेल्या, आणि त्यांची टोकं लिफ्टच्या छताला टेकत होती. निळ्या गणवेशातला एक उंच माणूस आत शिरला, हातमोजे घातलेले हात त्याने माझ्या हातांखाली घातले आणि तो गठ्ठा अलगद आडवा करून घेतला.

"चिकटपट्टीने बांधल्यात?"

"मग काय, अंगाई म्हणून झोपवू?"

"पट्टी सोडवताना फुटतात," तो गंभीरपणे म्हणाला. "नव्या ज्या खोक्यातून येतात, त्याच खोक्यात जुन्या निजवायच्या. आणि हळू."

लिफ्ट तळघरात पोहोचेपर्यंत तो आणखी तीनदा 'हळू' म्हणाला. आमच्या ऑफिसातला धोकादायक कचरा, म्हणजे ट्यूब, बॅटऱ्या, प्रिंटरची काडतुसं, असलं सगळं दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गाडीतून नेणारा माणूस तो हाच. मी सफाईवाल्या मावशींना त्याची नक्कल करून दाखवली आणि त्या दिवसापासून आम्ही दोघी त्याला हळूराव म्हणू लागलो.

मी तिथे नवीनच होते. सामानाची खोली माझ्या ताब्यात, आणि सहा महिने काम बघून मग कायम करायचं अशी बोली. याआधीच्या दोन्ही नोकऱ्या मुदत संपली की संपल्या होत्या. तिसऱ्यांदा घरी जाऊन आईला तेच सांगायची माझी तयारी नव्हती.

पहिल्याच भेटीत हळूरावाने ट्यूब फुटली तर काय करायचं ते समजावून सांगितलं होतं. खोलीबाहेर पडा, खिडकी उघडा, तुकडे पुठ्ठ्याने उचला, ओल्या कागदाने पुसा... त्यापुढेही तो काहीतरी बोलत होता. मी ऐकत होते, नाही असं नाही. पण बोलताना त्याची डावी भुवई जरा वर जाते, आणि माझं सगळं लक्ष त्या भुवईकडे.

दुसऱ्या महिन्यात मी बॅटऱ्या एका पिशवीत भरून तयार ठेवल्या, मोठ्या ऐटीत. त्याने पिशवी उघडली आणि कपाळाला हात लावला.

"बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावायची असते. एकमेकींना लागल्या तर पेट घेतात. ट्यूबला लावायची नसते, तिथे लावलीत. इथे लावायची, तर नाही लावलीत. तुमचं सगळं उलट का असतं?"

"असतंच. सवय करून घ्या."

"करतोय..." तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग आम्ही दोघं खाली बसून एकेका बॅटरीला पट्टी लावत राहिलो. दहा मिनिटांचं काम होतं, तासभर चाललं. पुढे पुढे तर मी महिना मोजायचे तो एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत.

सहाव्या महिन्यात सगळ्या इमारतीचे दिवे बदलले आणि जुन्या ट्यूबची खोकी तळघरात माझ्या खोलीत छतापर्यंत रचली गेली. गुरुवारी अकरा वाजता हळूराव येणार, आणि शुक्रवारी मला पत्र मिळणार. इकडचं किंवा तिकडचं.

त्या गुरुवारी सकाळी नऊला मी खालचं एक खोकं ओढलं. वरचं घसरलं.

बारा ट्यूब एकदम फुटल्या. पांढरी भुकटी, काचा, सगळीकडे. साडेनऊला ऑफिसचा कारभार बघणाऱ्या मॅडमची फेरी असायची, आणि पत्रावर सही त्यांचीच. माझं डोकंच चालेना. कोपऱ्यात व्हॅक्यूम होता, तो लावला. पाच मिनिटांत फरशी लख्ख. पुठ्ठ्याचं नाव अर्धवट आठवलं होतं, पण पुठ्ठ्याला वेळ कुठे होता? व्हॅक्यूम मी बाहेर काढून ठेवला.

मॅडम आल्या, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "छान ठेवलंस. उद्या दुपारी ये माझ्याकडे." माझा जीव भांड्यात पडला.

अकराला हळूराव आला. खोकी मोजता मोजता तो एकदम वाकला आणि रॅकखालून काचेची एक कपची उचलली.

"फुटल्या?"

"हो... बारा."

"फुटलेल्याही नेतो मी, फक्त सांगायचं. त्यांचा डबा वेगळा असतो. कशाने उचललंत?"

"पुठ्ठ्याने. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

"आणि तुकड्यांची पिशवी?"

"मावशी घेऊन गेल्या."

दोन वाक्यं, दोन्ही खोटी, आणि दुसऱ्यात मी मावशींनाही ओढलं. त्याची भुवई या वेळी हलली नाही. तो फुटलेल्या मालाचा फॉर्म भरायला लागला.

"बरं केलंत," तो खाली बघूनच म्हणाला. "लोक व्हॅक्यूम लावतात. व्हॅक्यूम काच आत घेतो आणि ट्यूबमधला विषारी पारा मागून हवेत सोडतो. मग ते यंत्र जिथे जिथे लावाल, तिथे तिथे तेच. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं, लहान मुलांचं अवघड."

लहान मुलं. मी दाराकडे पाहिलं. व्हॅक्यूम जागेवर नव्हता.

गुरुवार होता. गुरुवारी मावशी तो वर पाळणाघरात नेतात. कर्मचाऱ्यांची नऊ मुलं तिथे असतात, त्यांतली चार अजून रांगणारी. मुलं शेजारच्या खोलीत झोपलेली असताना मावशी गालिचा साफ करतात, आणि साडेअकराला मुलं उठून त्याच गालिच्यावर येतात.

काहीतरी कारण काढून वर जावं, व्हॅक्यूम गुपचूप उचलून आणावा, कोणाला काही कळणार नाही... असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण उचलून आणला तरी गालिच्याचं काय करायचं, हे मला कुठे ठाऊक होतं? ते खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच्याशी मी नुकतीच खोटं बोलले होते. त्याचं पेन कागदावर थांबलेलं होतं.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "व्हॅक्यूम लावला. आणि तो आत्ता पाळणाघरात आहे."

त्याने फॉर्म खिशात कोंबला. "कुठला मजला?"

"तिसरा."

"जिन्याने चला. पटकन."

तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मला व्हॅक्यूमची घरघर ऐकू यायला लागली होती. अर्धा गालिचा झाला होता. हळूरावाने बटण बंद केलं, एसी बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. मधलं दार बंद होतं, ते बरं होतं. मी पाळणाघराच्या ताईंना दोन वाक्यांत सांगितलं. मग त्या, मावशी आणि मी मिळून झोपलेली मुलं मागच्या दाराने गच्चीत नेली. एक छोटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तशीच झोपून राहिली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"मला काय ठाऊक, बाई," मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "नेहमीसारखंच नेलं मी."

गालिचा गुंडाळून, व्हॅक्यूमसकट जाड पिशव्यांत बंद करून हळूराव बाहेर आला तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मुलांना काही झालंय?"

"ती आत नव्हती, म्हणून वाचलो," हळूराव म्हणाला. "मावशी मात्र आत होत्या. त्यांना डॉक्टरांना दाखवा, आणि आधी यंत्र लावणाऱ्या यांनाही. ही खोली आणि तळघरातली, दोन्ही आज बंद ठेवा. आणि मुलांच्या घरी कळवा."

"कळवू. पण फॉर्ममध्ये जरा जपून लिहा." मॅडमनी आवाज खाली आणला. "यंत्र वर कोणी नेलं? सफाईवाल्या बाईंनी. मग तेवढंच लिहा. हिचं पत्र माझ्या टेबलावर तयार आहे, उगाच कशाला त्यात खोडा?"

मॅडम वाईट नव्हत्या. मला वाचवतच होत्या. मावशी भिंतीला टेकून पदराशी चाळा करत उभ्या होत्या. चौदा वर्षं त्या तिथे काम करत होत्या, आणि फॉर्ममध्ये काय लिहिलं जाईल ते त्यांना वाचताही आलं नसतं.

हळूरावाने माझ्याकडे पाहिलं. खिशातला फॉर्म काढून हातात धरला. हा माणूस मला एका शब्दाचीही मदत करणार नाही, हे मला कळलं, आणि त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी तो मला इतका आवडला की काय सांगू.

"पेन द्या," मी म्हणाले.

घटना कशी घडली, या रकान्यात मी लिहिलं की ट्यूब माझ्या हातून फुटल्या, व्हॅक्यूम मी लावला, आणि मावशींना सांगितलं नाही. खाली माझं नाव घातलं. मॅडमनी ते वाचलं.

"पत्र तूर्त थांबवते," त्या म्हणाल्या. "आणखी तीन महिने बघू."

तीन महिने. म्हणजे घरी पुन्हा तेच सांगणं आलं. मी मान हलवली.

गाडीत माल चढवून झाला तरी हळूराव निघेना. मी फाटकापाशी गेले.

"तुमच्याशी खोटं बोलले, त्याची लाज वाटते," मी म्हणाले. "नोकरीचं नंतर. आधी ते."

"मला कळलं होतं."

"कशावरून?"

"पुठ्ठ्याने उचललं असतंत, तर पिशवी मला दाखवल्याशिवाय राहिला नसतात. वर शाबासकीही मागितली असतीत." तो हसला. "मी वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, ही सांगेल... सांगेलच. नसतं सांगितलंत, तर मला फार जड गेलं असतं."

मी खाली बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

"पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही," तो म्हणाला.

मी झटकन वर पाहिलं. "माझ्यामुळे?"

"हो."

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "आमच्याकडे एक नियम आहे. जिथे आपलं जवळचं माणूस काम करतं, तिथल्या मालावर आपण सही करायची नाही. दुसऱ्याला पाठवायचं. हा त्याचा अर्ज."

"पण तुमचं इथे कोण आहे जवळचं?"

तो इतका लाल झाला की मला उत्तर मिळालं. तरी म्हटलं, सहा महिने वाट बघितली, आता याने स्वतः म्हणावं.

"तुम्ही," तो म्हणाला. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर. मला तुम्ही आवडता. बॅटऱ्यांच्या दिवसापासून. अर्ज दोन महिने खिशात आहे, एक रकाना तेवढा भरायचा राहिलाय. तुम्हाला विचारल्याशिवाय भरता येईना."

मी कागद उलगडला. वर त्याचं नाव, मग माझं, आणि मधला 'नाते' हा रकाना कोरा.

"आज माझी नोकरी पक्की नाही," मी म्हणाले. "हे पाहिलंत ना?"

"आज तुम्ही काय लिहिलंत तेही पाहिलं."

मी त्याच्या खिशातलं पेन घेतलं. गाडीच्या दारावर कागद टेकवला, आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'होणार आहे.'