आत माणसं: १

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी तिला फर्मान सोडलं. "तुझ्या भावाचा प्रोग्राम एकदा चालवून दाखव. चूक त्याचीच होती, हे उद्या तुझ्याच तोंडून कळू दे."

तीन महिन्यांपूर्वी तिचा दादा याच ऑफिसच्या मशीनरूममध्ये गुदमरून मेला होता. आग विझवणारा वायू सुटला आणि दार बंद झालं. दार सांभाळणारा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, म्हणून खापर त्याच्याच माथी. मेलेला माणूस काय बोलणार! रागाने तिची कानशिलं तापली होती, तरी ती दात-ओठ खात कामाला बसली.

प्रोग्रामसाठी तिने मशीनवरच एक बंद कप्पा केला. एक वेगळी डिरेक्टरी, तेवढंच त्याचं जग. लागतील तेवढ्याच फायली आत टाकल्या, नेटवर्क तोडलं, खऱ्या दाराकडे जाणारी वाट तोडली. संतापाच्या भरात एक चूक मात्र झाली. कर्मचाऱ्यांची यादी तिने जुन्या बॅकअपमधून जशीच्या तशी उचलली. बाहेर, ऑफिसच्या खऱ्या यादीतून, दादाचं खातं साहेबांनी चितेआधीच पुसलं होतं. कप्प्याच्या आत तो अजून नोकरीवर होता.

'वायू सुटला, आत एक माणूस,' असा खोटा इशारा तिने दिला. उत्तर आलं, 'आत माणसं: १. दार उघडं.'

मग तिने आत कोणीच नाही असं कळवलं. पुन्हा तेच उत्तर आलं. आत माणसं: १.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण राग भीतीपेक्षा मोठा होता. तिने साहेबांना पडद्यासमोर बोलावलं.

"बघा साहेब, आत माणूस असला तर हा प्रोग्राम दार लावतच नाही. कुणीतरी हाताने हुकूम द्यावा लागतो. कुणी दिला?"

"मशीनं वाचवायची होती..." साहेब पुटपुटले.

"माझा दादा आत होता! काचेतून दिसत होता तुम्हाला!"

"तोंड सांभाळ. दाराची नोंद आत्ता पुसून येतो, मग कर काय करायचं ते." साहेब तरातरा मशीनरूममध्ये शिरले.

पडद्यावर नवी ओळ आली. 'आत माणसं: २.' तिच्याखाली, 'दार हाताने बंद. हुकूम:' आणि पुढे दादाचं खातं.

कॉरिडॉरच्या टोकाला दार धाडकन आपटलं. वायूचा भोंगा सुरू झाला. ती धावली. काचेपलीकडे साहेब मुठी आपटत होते.

"उघड... अगं, माझ्या मागे... कोण आहे..."

दार उघडायचं भिंतीवरचं बटण तिने दाबून पाहिलं, ते चालेना. एक क्षण तिला वाटलं, राहू दे. मेला तर मेला. मग ती त्या दारावरच खेकसली, "दादा, सोड त्याला! हा मेला तर उद्या खरं कोण बोलणार?"

दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कुणी न विचारताच सगळं ओकलं, मान एकदाही मागे न वळवता. दादाच्या माथ्यावरचा डाग गेला. संध्याकाळी तिने तो कप्पा मुळासकट पुसला.

मशीनरूमचं दार मात्र तेव्हापासून लागत नाही. कारागीर येऊन गेले, बिजागऱ्या बदलल्या, कुलूप बदललं. रिकाम्या खोलीबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर अजून तेच दिसतं. आत माणसं: १. दार उघडं.