आईच्या खोलीचं तापमान

मला फक्त एक वायर हवी होती, पाच-सहा हात लांब. एप्रिलातल्या एका शनिवारी मांजरीहून बस पकडून पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, वायर घेतली, रसवंतीत ग्लासभर रस प्यायलो आणि ऊन तापायच्या आत घरी आलो. त्या सकाळपर्यंत मी स्वतःला बऱ्यापैकी चांगला मुलगा समजत होतो.

कांतामावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, आमच्याकडे राहायला येणार होती. झोपणार आईच्या खोलीत. आई जानेवारीत न्यूमोनियाने गेली, तेव्हापासून ती खोली रिकामीच होती. मावशीच्या डोळ्यांवर रात्री उजेड नको, म्हणून तिथला माझा स्क्रीन हॉलमध्ये हलवायचा होता. एवढंच काम.

हा स्क्रीन म्हणजे माझी हौस. बाहेर गॅलरीत वारा आणि पाऊस मोजणारी यंत्रं, आत पत्त्यांच्या कॅटएवढा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर हा छोटा स्क्रीन. बाहेरचं तापमान, वारा, आर्द्रता, आणि सगळ्यात ठळक, हिरव्या आकड्यांत खोलीचं तापमान. खोलीचा सेन्सर मी बोर्डाच्याच डबीत बसवला होता. दिसायला सुटसुटीत. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे पाहुण्यांना चहाच्या आधी स्क्रीन बघावा लागायचा. माझी बायको दीपाली म्हणायची, "खिडकी उघडली तरी कळतं रे, ऊन आहे ते."

डबी हॉलमध्ये ठेवली, सेन्सर तेवढा बाहेर काढून वायरीच्या टोकाला जोडला आणि आईच्या पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवला. स्क्रीनवर बघतो तर मघाचे अडतीस जाऊन एकतीस झालेले. वाटलं, वायर खराब. सेन्सर परत डबीत घातला. अडतीस. बाहेर काढला. एकतीस. मग मी डबीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. डबी गरम होती. बोर्ड रात्रंदिवस चालू, तो तापणारच. इतके महिने सेन्सर खोली मोजतच नव्हता, बोर्डाची ऊब मोजत होता. सात अंश जास्त.

मी आईच्या पलंगावर बसलो.

डिसेंबरात आमच्या मागच्या उसावरून जो गारठा येतो, तो भिंतीतून आत शिरतो. आई म्हणायची, "चेतन, लई गार हाय रं." मी हातातला फोन खाली न ठेवता म्हणायचो, "आई, सव्वीस आहे. तूच बघ." आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. अंगात येणं, नजर लागणं असल्या गोष्टींना इथे थारा नाही. कोणी काही म्हटलं की पुरावा विचारायचा, हे मला आईनेच शिकवलं होतं. मी तिला पुरावा दाखवत होतो. ती आकड्याकडे बघायची, ओशाळं हसायची. एकदा दीपालीला म्हणाली, "यंत्र खोटं कशाला बोलंल? मलाच म्हातारचळ लागलाय." पुढे तिने थंडीचं नावच काढलं नाही. त्या खोलीत तेव्हा एकोणीस असणार. पहाटे त्याहून कमी.

लाज वाटली. रडू आलं नाही, नुसती लाज वाटली, कानापर्यंत. आणि तरी मी दीपालीला काही सांगितलं नाही.

मावशी दुपारी आली, जेवली आणि आईच्या खोलीत आडवी झाली. दीपाली हॉलमध्ये गवार निवडत बसली. बाहेर सोसायटीत चिटपाखरू नव्हतं. पडदे ओढलेले, भिंती तापलेल्या. मी सहज स्क्रीनकडे बघितलं. खोलीत अठ्ठावीस. जरा वेळाने चोवीस. मग बावीस...

मी उठून आत गेलो. दारातच निलगिरीच्या तेलाचा वास आला. आईच्या छातीला शेवटी आम्ही तेच चोळत होतो, पण त्यानंतर घरात निलगिरीची बाटली आणलेली नाही. खोली नुसती तापली होती, माझा शर्ट पाठीला चिकटला. आणि मावशी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

"चेतन," ती हळूच म्हणाली, "पंखा बंद कर रं... गार लागतंय."

पंखा बंदच होता.

दीपाली दारात आली. "मावशी, बाहेर डांबर वितळतंय आणि तुम्हाला थंडी?" मग माझ्याकडे वळून, "चेतन, किती दाखवतोय रे?"

मी हॉलमध्ये जाऊन बघितलं. एकोणीस.

खरं सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी तिथूनच म्हणालो, "स्क्रीन बिघडलाय. एकतीस-बत्तीस असेल. झोप तू, मावशी."

आतून मावशीचं हसणं ऐकू आलं. ओशाळं, बारीक. "मलाच काय तरी होतंय बाई," ती दीपालीला म्हणाली.

 आईशी जे अजाणता केलं, तेच मी आता जाणूनबुजून केलं होतं. आकडा खाली चाललाच होता. सतरा. पंधरा. आत दीपालीचा आवाज बदलला, "चेतन... ह्यांची नखं बघ."

नखं निळी पडली होती. मी मावशीला उचललं. ती शेवग्याच्या शेंगेसारखी हलकी, आणि ओल्या फरशीसारखी गार. हॉलच्या सोफ्यावर ठेवल्यावर थोड्या वेळात तिच्या कपाळावर घाम आला. तिने पाणी मागितलं. बोटांना रंग आला.

मग मी सांगितलं. डबी, बोर्डाची ऊब, सात अंश, डिसेंबर. दोघींच्या समोर, उभ्याने, वर्गात पोरगं उभं राहतं तसा.  दीपालीने गवारीचं ताट बाजूला सारलं.

"त्यांची गोधडी मी माळ्यावर टाकली होती," ती म्हणाली. "सव्वीस अंशात कशाला पाहिजे म्हणून. त्यांनी मागितली होती, चेतन... एकदाच."

तिने स्टूल घेतलं, माळ्यावरून गोधडी काढली आणि झटकलीसुद्धा नाही. रिकाम्या पलंगावर अंथरली. कडा नीट खोचल्या, आजारी माणसाच्या खोचतात तशा. आमच्या घरात त्या दुपारी कोणीच पुरावा मागितला नाही.

आकडा थांबला. मग चढायला लागला. वीस, पंचवीस, तीस. आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे. मला हायसं वाटत होतं. वाटलं, संपलं, माफ केलं आईने. एकतीस झाले, आता थांबेल. थांबला नाही. तेहतीस. पस्तीस. छत्तीस. सदतीसवर येऊन स्थिर झाला. सकाळी पडताळ्यासाठी मी हॉलच्या भिंतीवर लावलेला साधा थर्मामीटर बत्तीस दाखवत होता.

"सदतीस तर... माणसाच्या अंगाला असतं," दीपाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीला गावी पाठवलं. तिने का म्हणून विचारलं नाही. जाताना त्या खोलीच्या दाराकडे बघून फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला. मी सेन्सर बदलला, नवीन आणला. तोही सदतीसच. खोलीत जाऊन उभा राहतो तेव्हा काही दिसत नाही. गोधडी सपाट आहे. उचलून बघायचं धाडस होत नाही, आणि स्क्रीन बंद करायची आता मला लाज वाटते.

काल संध्याकाळपासून आकडा पुन्हा हलला आहे. सदतीस पॉइंट आठ. सकाळी साडेअडतीस. मघाशी एकोणचाळीस झाला, आणि आतून निलगिरीचा वास इतका दाट येतोय की डोळ्यांना पाणी यावं. जानेवारीत ताप असाच चढला होता.

 दीपालीने वाटीत मिठाचं पाणी घेतलं, सुती कापडाची पट्टी भिजवली, पिळली, आणि आता ती पट्टी हातात धरून आईच्या दारात उभी आहे. कपाळ कुठे असेल, ते तिला कळत नाहीये.