झुडपामागची मुलगी

रंग सुटेना, तेव्हा प्रबोधनं थुंकी लावली. हसू नका, जुनी चित्रं साफ करणारे खरोखर तसंच करतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि कॅनव्हासवरून अलगद फिरवायचा. “पुण्याहून सिंगापूरला आलास तो थुंकी लावायला!” असं त्याची बायको मधुवंती चिडवायची.

चित्र फ्रान्समधलं, दीडशे वर्षांपूर्वीचं. कापणी झालेलं शेत, गवताची गाडी, पेंढ्या बांधणाऱ्या दोन बायका. कोपऱ्यातलं झुडूप मात्र कुणीतरी मागाहून रंगवलेलं. मालकाला ते काढून हवं होतं. स्टुडिओतली सगळी रसायनं हरली, आणि प्रबोधच्या थुंकीनं झुडूप साबणासारखं विरघळलं. असं कधी होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी खूश झाला बेटा.

आतून एका मुलीचं पाऊल निघालं.

त्या संध्याकाळी सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये त्याची आठ वर्षांची लेक जाई लंगडत दारात आली. “पपा, माय लेग सो कोल्ड लाह!” मराठी तिला कळायचं, पण बोलायची ती अशी सिंगापुरी इंग्रजीतच. त्यानं पाय हातात घेतला. बर्फ! डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रातला हात उघडा झाला. घरी जाईच्या हातून चमचा गळाला. तिच्या केसांना ओल्या पेंढ्याचा वास येत होता. बाराव्या मजल्यावर पेंढा कुठला? प्रबोधला चित्रातलं शेत आठवलं, पण त्यानं स्वतःलाच दटावलं. शिकलासवरलेला माणूस तू, काहीतरीच काय!

तिसऱ्या दुपारी चेहरा निघाला.

भुवईवर जाईचाच व्रण. उबीन बेटावर सहलीत सायकलवरून पडली होती, तो.

फोन वाजला. मधुवंती रडत होती. “शाळेतून आणलंय तिला. डोळे उघडे आहेत, पण मला ओळखत नाही रे!”

त्यानं ब्रश उचलला. हिरवा, तपकिरी, हाताला लागेल तो रंग. नोकरी गेली चुलीत! पाऊल झाकलं. हात झाकला. चेहरा झाकताना मात्र ते डोळे त्याच्याकडेच बघत होते, आणि त्याला रडू आवरेना.

पुन्हा फोन. “अरे, उठली! भात मागतेय. घे, बोल तिच्याशी.”

“जाई? बाळा?”

“बाबा,” पलीकडून स्वच्छ मराठी आलं, “आता तिला कधी बाहेर काढू नका हं.”

चित्रातल्या मुलीबद्दल त्यानं घरी अवाक्षरही काढलं नव्हतं.

समोर, ओठ झाकले होते तिथला ओला रंग श्वास घेतल्यासारखा हळूच आत ओढला गेला.